पेल्यातला आरसा आणि ज्ञानाची साखळी



काचेच्या पेल्यात पाणी घ्या. पेला डोळ्यांच्या थोडा वर धरा आणि खालून तिरप्या नजरेने पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहा. तो चांदीच्या आरशासारखा चकाकताना दिसेल. तेथे आरसा नाही, पाऱ्याचा लेपही नाही. मग हे कसे घडते?

प्रकाश पाण्यातून किंवा काचेतून हवेत येताना दिशा बदलतो. यालाच अपवर्तन म्हणतात. किरण पृष्ठभागावर जितका तिरपा पडेल, तितका तो बाहेर पडताना अधिक वळतो. शेवटी असा एक कोन येतो की त्यापुढे प्रकाश बाहेर पडूच शकत नाही. सगळाच्या सगळा आत परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन आणि तो कोन म्हणजे क्रांतिक कोन. पाण्यासाठी तो सुमारे ४९ अंश, साध्या काचेसाठी सुमारे ४२ अंश आणि हिऱ्यासाठी केवळ २४ अंशांच्या आसपास असतो. म्हणूनच चांगले पैलू पाडलेल्या हिऱ्यातला प्रकाश आतल्या आत परतत राहतो आणि हिरा झळाळतो. सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर आणि दुर्बिणीतले लोलक हेही याच नियमाचे चाकर आहेत.

एवढा धडा पुस्तकाच्या दोन पानांत मावतो. पण तो समजायला माणसाला शतके लागली. ती हकीकत प्रत्येक विद्यार्थ्याने वाचण्यासारखी आहे.

बगदादमध्ये ९८४ च्या सुमारास इब्न सहल या गणितज्ञांनी आरसे आणि भिंगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यातील एका आकृतीत अपवर्तनाचा नियम भूमितीच्या रूपाने मांडलेला आहे. दुर्दैवाने त्या हस्तलिखिताची पाने विखुरली. काही दमास्कसला राहिली, काही तेहरानला. संशोधक रोश्दी राशिद यांनी ती जुळवून १९९० मध्ये तिचे महत्त्व जगापुढे मांडले. तोपर्यंत हा नियम स्नेल यांच्या नावाने रूढ झाला होता. स्नेल यांना तो १६२१ मध्ये सापडला, पण त्यांनीही तो छापला नाही. छापला देकार्त यांनी, १६३७ मध्ये. जे ज्ञान कपाटात राहते, त्याची अशी गत होते.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. बसऱ्यात जन्मलेले इब्न अल् हैसम कैरोत राहिले आणि ११ व्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ‘किताब अल् मनाझिर’ हा प्रकाशावरील सात खंडांचा ग्रंथ लिहिला. नुसत्या तर्कावर विसंबू नका, प्रयोग करून पाहा, हा त्यांचा बाणा होता. इराणमध्ये कुतुबुद्दीन शिराझी या गुरूंनी आपले शिष्य कमालुद्दीन फारिसी यांना या ग्रंथाकडे वळवले. शिष्याने पाण्याने भरलेला काचेचा गोल घेतला, त्याला पावसाचा मोठा थेंब मानले आणि १४ व्या शतकाच्या आरंभी इंद्रधनुष्याचे कारण उलगडले : किरण थेंबात शिरताना वळतो, आत परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. इकडे तोच ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, १५७२ मध्ये बाझेलला छापला गेला. पुढे केप्लर यांनी १६११ मध्ये, काचेतला प्रकाश सुमारे ४२ अंशांपलीकडे बाहेर येत नाही, हे नोंदवले.

१८४१ मध्ये जिनिव्हाच्या कोलादाँ या प्राध्यापकांना व्याख्यानात पाण्याची धार श्रोत्यांना नीट दाखवायची होती. त्यांनी धारेत प्रकाश सोडला, तर प्रकाशही धारेबरोबर वाकला! तो आतल्या आत परावर्तित होत पुढे जात होता. १८५४ मध्ये टिंडल यांनी असाच प्रयोग लंडनमध्ये दाखवला.

पाण्याऐवजी काचेचा केसासारखा तंतू घेतला तर? पंजाबातील मोगा येथे १९२६ मध्ये जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हे काम हाती घेतले. प्रकाश सरळ रेषेतच जातो, हे शाळेतले वाक्य आपल्याला पटले नव्हते, अशी आठवण ते सांगत. १९५४ मध्ये त्यांनी हॉपकिन्स यांच्याबरोबर, तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येते, हे लंडनमध्ये दाखवून दिले. त्यानंतर १९५७ मध्ये डॉक्टर हिर्शोविट्झ यांनी अशी लवचीक दुर्बीण पोटाच्या तपासणीसाठी वापरली. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवले की प्रकाश लांबवर जात नाही याचे मुख्य कारण काचेतली अशुद्धता आहे. काच शुद्ध करा, संदेश कित्येक किलोमीटर जातील. त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण मोबाइलवरून परदेशातल्या नातेवाइकांशी बोलतो, तेव्हा बहुधा आपला आवाज समुद्रतळाच्या अशाच तंतूतून जात असतो.

मित्रांनो, या साखळीत बगदाद, कैरो, इराण, जर्मनी, स्वित्झर्लंड, पंजाब आणि चीन अशा ठिकठिकाणची माणसे आहेत. इब्न अल् हैसम यांचा अभिमान जरूर बाळगा. पण पूर्वजांच्या नावाने टाळ्या मिळतील, गुण मिळणार नाहीत. त्यांचा खरा वारसा प्रश्न विचारण्याचा आहे. पालकांनो, मुलगा असो वा मुलगी, तिने किंवा त्याने ‘असे का?’ म्हटले तर ‘गप्प बस’ म्हणू नका. उत्तर येत नसेल तर पाण्याचा पेला हातात द्या आणि दोघे मिळून पाहा. साखळीची पुढली कडी कोणत्या घरात घडेल, हे कोणी सांगावे?