व्हिस्कीचा पेला आणि सरकारी दफ्तर

मद्याच्या इतिहासाकडे केवळ विलासाचा अथवा व्यसनाचा इतिहास म्हणून पाहण्याची जी रूढी आपल्याकडे पडली आहे, तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. ती ही की, पेल्यात कोणते द्रव्य पडावे, त्यात काय मिसळावे आणि ते कोठे बसून प्यावे, हे पिणाऱ्याच्या जिभेपेक्षा सरकारच्या महसुली खात्यानेच अधिक ठरविले आहे. अमेरिकेतील व्हिस्की आणि तिच्यापासून घरोघर सिद्ध होणारी मिश्रणे यांचा वृत्तान्त या गोष्टीची साक्ष देतो, आणि म्हणूनच तो गांभीर्याने अभ्यासावा असे मला वाटते.

मद्यात साखर व आंबट रस घालून ते सौम्य करण्याची कल्पना मात्र अमेरिकेत जन्मली नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातील वखारींमधून काम करणारे इंग्रज 1632 च्या सुमारास 'पंच' पीत होते, आणि 1638 मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने त्या पेयाचा उल्लेख केलेला आहे. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला यांचे हे मिश्रण. त्यासाठी माडाच्या रसापासून गाळलेली गोव्याची अरक वापरीत, आणि सुरतेच्या वखारीतील धर्मोपदेशक ओव्हिंग्टन याने सतराव्या शतकाच्या अखेरीस तिची नोंद करून ठेवली आहे. खलाशांच्या संगतीने हा पंच लंडनला गेला आणि तेथून अटलांटिकपलीकडच्या वसाहतींत पोहोचला.

तिकडे पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यापुढे निराळीच अडचण होती. अॅलेगनी पर्वत ओलांडून धान्याची पोती पूर्वेच्या बाजारात नेणे परवडत नसल्यामुळे तो आपले राय नावाचे धान्य घरच्या भट्टीवर गाळी, आणि रोकड दुर्मिळ असलेल्या त्या मुलखात हीच व्हिस्की चलनासारखी हातोहात फिरे. 1791 मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी गाळलेल्या मद्यावर कर बसविताच या शेतकऱ्यांनी वसुली कामगारांना हुसकावून लावले, आणि 1794 मध्ये सुमारे 13,000 शिबंदी घेऊन खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांना बंड मोडण्यासाठी निघावे लागले. तोच पुरुष निवृत्तीनंतर माउंट व्हर्नन येथील आपल्या इस्टेटीवर भट्टी चालवीत होता आणि 1799 या एका साली त्या भट्टीवर सुमारे 11,000 गॅलन व्हिस्की निघाली, ही हकीकत त्या काळच्या गृहस्थजीवनात मद्य गाळण्याला केवढे प्रतिष्ठित स्थान होते हे दाखविते.

परंतु ही व्हिस्की बहुधा पिंपात मुरण्याआधीच विकली जाई. तिची धग कमी करण्यास काही तरी उपाय हवाच होता. न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने 1806 च्या मे महिन्यात कॉकटेलची जी व्याख्या छापली, तिच्यात चारच पदार्थ येतात: मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. यांतील कडू अर्क औषधाच्या कपाटातून आलेला. असा अर्क बनविणारा न्यू ऑर्लिन्सचा पेशो हा औषधविक्रेता होता, तर बोलिव्हारच्या सैन्यातील जर्मन वैद्य सीगर्ट याने व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा शहरी 1824 मध्ये आपला अर्क तयार केला. पुढे बोस्टनच्या ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांतील बर्फाचा व्यापार मांडला. 1833 मध्ये त्याचे जहाज कलकत्त्याला लागले, आणि नंतर मुंबईतही त्या बर्फाची कोठारे उभी राहिली. जेरी टॉमस याने 1862 मध्ये मिश्रणांचे पहिले अमेरिकन पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा पंचापासून कॉकटेलपर्यंतचा हा सारा वारसा त्याच्या हाताशी होता.

फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फायलॉक्सेरा नामक किडीची धाड आली आणि ब्रँडी महागली, तसा व्हिस्कीचा भाव वधारला; पण तिच्या नावाखाली रंग व सुगंध घातलेले साधे अल्कोहोल सर्रास विकले जाऊ लागले. यावर 1897 च्या कायद्याने जो इलाज केला, तो मला महसुली राज्यकारभाराच्या उत्तम कामगिरींपैकी एक वाटतो. एकाच भट्टीवर, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी कुलपाखालच्या गोदामात निदान चार वर्षे मुरलेली आणि निम्मे अल्कोहोल असलेली व्हिस्कीच सरकारी हमीच्या पट्टीनिशी बाहेर पडू लागली. कर बुडू नये म्हणून नेमलेला पहारेकरी अशा रीतीने शुद्धतेचा साक्षीदार झाला, आणि बाटली विकत घेऊन घरी नेणाऱ्या गृहस्थाला आपल्या पेल्यात काय पडते आहे हे खात्रीने कळू लागले.

1920 च्या जानेवारीत देशभर दारूबंदी जारी झाली. पानगृहे बंद पडली. हॅरी क्रॅडॉकसारखे नामांकित मिश्रक लंडनला निघून गेले. मात्र बंदीपूर्वी रीतसर मिळविलेले मद्य स्वतःच्या राहत्या घरी बाळगण्यास व कुटुंबीयांसह खऱ्या पाहुण्यांना देण्यास कायद्याने मुभा ठेवली होती, आणि वैद्याच्या चिठ्ठीवर दहा दिवसांत एक पाइंट व्हिस्की औषध म्हणून मिळे. सार्वजनिक गुत्त्यावर रोख धरलेल्या या कायद्याने मिश्रणकलेला दिवाणखान्यात आणून बसविले. 5 डिसेंबर 1933 रोजी बंदी उठल्यानंतरही ती तेथून हलली नाही. 1948 मध्ये या विषयावर अत्यंत साक्षेपी ग्रंथ लिहिणारा डेव्हिड एम्बरी पेशाने वकील होता, आणि आंबट जातीच्या पेयासाठी आठ भाग मद्य, दोन भाग लिंबूरस व एक भाग पाक हे त्याने घालून दिलेले प्रमाण घरगुती मिश्रकाला आजही आधार देते.

एम्बरीचा ग्रंथ निघाल्याच्या पुढल्याच वर्षी आपल्या मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला आणि 6 एप्रिल 1950 पासून बंदी संपूर्ण झाली. 1951 मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनी द्रव्यांपुरती काही कलमे रद्द केली, पण कायद्याचा मुख्य भाग कायम राखला. तो 1949 चा कायदा महाराष्ट्रात अद्याप चालू आहे, आणि स्वतःच्या घरी व्हिस्कीत साखर नि कडू अर्क मिसळू पाहणाऱ्या गृहस्थालाही आधी त्याखालचा परवाना काढावा लागतो.