लाल निशाणाखालचे जुने सेनापती

1936च्या ऑक्टोबरअखेर मॉस्कोच्या कामेर्नी थिएटरमध्ये 'बोगातिरी' नावाचा विनोदी ऑपेरा रंगमंचावर आला. संगीत एकोणिसाव्या शतकातल्या बोरोदिनचं, संहिता मात्र नवी, देम्यान बेदनीची. बेदनी हा क्रांतीचा लाडका कवी. एकेकाळी त्याला थेट क्रेमलिनमध्ये राहायला जागा मिळाली होती. या ऑपेरात त्याने रशियन लोककथांमधल्या बोगातिरांची, म्हणजे कीव्हच्या दरबारातल्या पराक्रमी वीरांची, यथेच्छ टर उडवली. दहाव्या शतकात राजा व्लादिमीरने आपल्या प्रजेला ख्रिस्ती धर्म दिला, तो प्रसंग त्याने दारूच्या नशेतला गोंधळ म्हणून रंगवला. दहा वर्षांपूर्वी असं लिहिणं म्हणजे पक्षनिष्ठेची खूण होती. पण पंतप्रधान मोलोतोव यांनी प्रयोग पाहिला आणि खेळ लगोलग बंद झाला. बंदीच्या ठरावात म्हटलं होतं की बोगातिर हे रशियन जनतेच्या वीरवृत्तीचे प्रतिनिधी आहेत, आणि ख्रिस्ती धर्माचा स्वीकार हा रशियाच्या इतिहासातला पुढचा टप्पा होता.

देवळं पाडणाऱ्या सरकारने बाप्तिस्म्याची बाजू घेतली होती! बेदनी पुरता गोंधळला असणार. पुढे दोन वर्षांत पक्षानेही त्याला काढून टाकलं.

साम्यवादी सत्ता आणि रशियन राष्ट्रभावना यांचं नातं समजून घ्यायचं तर आधी लेनिनकडे जावं लागतं. झारचं साम्राज्य त्याला राष्ट्रांचा तुरुंग वाटे. कामगाराला देश नसतो, ही मार्क्स-एंगल्सची शिकवण तर होतीच. पण लेनिनला सगळे राष्ट्रवाद सारखे वाटत नव्हते. दडपल्या गेलेल्या लहान राष्ट्राचा अभिमान समजून घेण्याजोगा, दडपणाऱ्या मोठ्या राष्ट्राचा मात्र धोकादायक, असं त्याचं मत होतं. 1922मध्ये स्टालिनने योजना मांडली की युक्रेन, जॉर्जिया वगैरे प्रजासत्ताकं रशियाच्याच पोटात घ्यावीत. त्याच सुमारास तिफ्लिसमध्ये स्टालिनचा सहकारी ऑर्जोनिकिद्झे याने एका जॉर्जियन साम्यवाद्याच्या थोबाडीत मारली. आजारी लेनिन संतापला. वर्षाच्या अखेरीस त्याने अंथरुणावरून टिपणं सांगितली आणि त्यांत रशियन दंडेलीवर कडक कोरडे ओढले. 30 डिसेंबर 1922 रोजी सोव्हिएत संघ जन्माला आला तो समान प्रजासत्ताकांचा संघ म्हणून. बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येकाला कागदावर तरी होता. तो पुढे कधी वापरला जाईल, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नसेल.

1920चं दशक लहान राष्ट्रांचं होतं. शाळा, वर्तमानपत्रं, कचेऱ्या स्थानिक भाषांत चालाव्यात म्हणून सरकार झटत होतं. ज्या भाषांना लिपी नव्हती त्यांच्यासाठी लिप्या तयार होत होत्या. उलट रशियन इतिहासाला काडीची किंमत नव्हती. इतिहासकार पोक्रोव्स्की आणि त्याच्या शिष्यांच्या लेखनात झार आणि सेनापती हे व्यापारी भांडवलाच्या हातातली बाहुली होते. 5 डिसेंबर 1931 रोजी मॉस्कोतलं ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रल सुरुंग लावून पाडलं. नेपोलियनवरच्या विजयाची आठवण म्हणून ते उभारलेलं होतं. पुढच्या वर्षी बोरोदिनोच्या रणांगणावरचं मुख्य स्मारक गेलं आणि त्याच्या पायथ्याशी असलेली सेनापती बाग्रातिओनची कबरही उद्ध्वस्त झाली. 1812च्या लढाईत इथेच जखमी होऊन तो पुढे मरण पावला होता. हा बाग्रातिओन जॉर्जियन राजघराण्यातला, पण झारच्या फौजेत लढलेला. त्याचं नाव लक्षात ठेवावं.

वारं फिरत होतं ते याच वर्षांत. फेब्रुवारी 1931मध्ये उद्योगांच्या व्यवस्थापकांपुढे बोलताना स्टालिनने जुना रशिया कुणाकुणाकडून मार खात आला याची यादीच वाचली: मंगोल खान, तुर्की बेग, स्वीडिश सरदार, पोलिश जमीनदार, इंग्रज, फ्रेंच, जपानी. पूर्वी आपल्याला मायभूमी नव्हती, आता आहे, तेव्हा ती राखा, असा त्याचा रोख होता. दोन वर्षांनी जर्मनीत हिटलर आला. युद्ध होणार हे दिसू लागलं. सामूहिक शेतीच्या जबरदस्तीने आणि 1932-33च्या भयंकर दुष्काळाने होरपळलेला शेतकरी उद्या सैनिक म्हणून उभा राहणार होता. वर्गसंघर्षाच्या सूत्रांसाठी तो जीव देईल, यावर खुद्द पक्षाचाच भरवसा उरला नव्हता. शाळेच्या पुस्तकात आर्थिक रचना आणि टप्पेच टप्पे. माणूस नाही, लढाई नाही, सनसुद्धा नाही. 1934मध्ये सरकारने फर्मान काढलं की इतिहास शिकवताना घटना, व्यक्ती आणि तारखा सांगा. 1937मध्ये शेस्ताकोव्हचं नवं क्रमिक पुस्तक आलं, त्यात अलेक्झांडर नेव्हस्की आणि पीटर द ग्रेट सन्मानाने हजर होते. पुढच्या वर्षी आयझेनस्टाइनने नेव्हस्कीवर चित्रपट काढला आणि त्याच वर्षी सर्व प्रजासत्ताकांच्या शाळांत रशियन भाषा सक्तीची झाली. लहान भाषांसाठी हौसेने घडवलेल्या लॅटिन लिप्याही मोडीत निघाल्या. बहुतेकांच्या जागी रशियन वळणाची सिरिलिक आली.

या काळाची कारागिरी जवळून पाहायची तर ग्लिंकाचा ऑपेरा घ्यावा. 1836च्या या कृतीचं नाव होतं 'झारसाठी जीवन'. 1613मध्ये सुसानिन नावाच्या शेतकऱ्याने पोलिश टोळीला जंगलात भरकटवलं आणि पहिल्या रोमानोव्हचे प्राण वाचवले, अशी त्यातली कथा. क्रांतीनंतर असा ऑपेरा चालणं शक्यच नव्हतं. 1939मध्ये मात्र तो बोल्शोय थिएटरात 'इव्हान सुसानिन' या नावाने परतला. कवी गोरोदेत्स्कीने शब्द नव्याने बांधले होते. झार गेला, पोलिश फौजेविरुद्ध लोकांना उभं करणारा मिनिन आला. सुसानिन आता राजासाठी नव्हे, मॉस्कोसाठी मरत होता. संगीत तेच, शेतकरी तोच, मरणही तेच.

मग युद्ध आलं. 22 जून 1941 रोजी मोलोतोवने रेडिओवर हल्ल्याची बातमी दिली, तेव्हा 1812च्या देशरक्षक युद्धाची आठवण काढली. त्याच दिवशी, सरकारने काही सांगण्याची वाट न पाहता, वृद्ध धर्मगुरू सेर्गी यांनी श्रद्धाळूंना मायभूमीच्या रक्षणाची हाक दिली. ज्या चर्चचे हजारो पाद्री तुरुंगात किंवा मातीखाली गेले होते, त्या चर्चचा हा माणूस. त्याची हाक खोटी नव्हती. 7 नोव्हेंबरला, जर्मन फौजा मॉस्कोच्या वेशीजवळ असताना, लाल चौकात क्रांतिदिनाचं संचलन झालं आणि बरेच सैनिक तिथून थेट आघाडीवर गेले. स्टालिनने त्यांना ज्यांचं स्मरण करायला सांगितलं ती नावं होती नेव्हस्की, दोन्स्कोय, मिनिन, पोझार्स्की, सुव्होरोव आणि कुतुझोव. संत, राजे आणि झारचे सेनापती. लेनिनचंही नाव होतं, पण या रांगेच्या शेवटी.

पुढच्या जुलैत सुव्होरोव, कुतुझोव आणि नेव्हस्की यांच्या नावाची लष्करी पदकं सुरू झाली. 1943च्या आरंभी अधिकाऱ्यांच्या खांद्यांवर त्या पट्ट्या पुन्हा आल्या, ज्या क्रांतीत सैनिकांनी ओरबाडून फेकल्या होत्या. मे महिन्यात जागतिक क्रांतीची संघटना कॉमिंटर्न विसर्जित झाली. सप्टेंबरात स्टालिनने तीन मेट्रोपॉलिटन धर्मगुरूंना क्रेमलिनमध्ये बोलावलं आणि चार दिवसांत सेर्गी पॅट्रिआर्क, म्हणजे चर्चचे प्रमुख, म्हणून निवडले गेले. श्रद्धाळूंच्या वर्गणीतून 'दिमित्री दोन्स्कोय' नावाची चाळीस रणगाड्यांची तुकडी उभी राहिली. 1944च्या पहिल्या दिवसापासून 'इंटरनॅशनल'ऐवजी नवं राष्ट्रगीत वाजू लागलं. आणि त्याच उन्हाळ्यात बेलारूसमध्ये जर्मन फळी मोडून काढणाऱ्या प्रचंड मोहिमेला नाव दिलं गेलं 'बाग्रातिओन'. ज्याच्या कबरीची बारा वर्षांपूर्वी नासधूस झाली, त्याच्या नावाने लाल सेना लढली. त्याचे अवशेष बोरोदिनोत पुन्हा मानाने पुरायला मात्र 1987 उजाडलं.

मुंबईच्या गिरणगावात त्या दिवसांत अण्णाभाऊ साठे 'स्तालिनग्राडचा पवाडा' गात होते. लाल सेनेचा लढा हा जगभरच्या कष्टकऱ्यांचा लढा, ही त्यांची भावना सच्ची होती, आणि ती सांगायला त्यांनी शिवकाळापासून चालत आलेला पोवाडाच निवडला. व्होल्गाकाठचा सैनिकही आपल्या जुन्या वीरांच्या नावाने लढत होता.

विजयानंतर, 24 मे 1945च्या मेजवानीत, स्टालिनने खास रशियन जनतेच्या नावाने प्याला उंचावला आणि संघातल्या सगळ्या राष्ट्रांत तिला अग्रस्थान दिलं. त्याची झळ इतरांना बसली. आख्खे चेचेन, इंगुश, क्रिमियन तातार समाज 1944मध्येच गुरांसारखे रेल्वेच्या डब्यांत कोंबून मध्य आशियात हाकलले गेले होते. युक्रेनियन कवी सोस्युराने 1944मध्ये युक्रेनवर प्रेम करा असं सांगणारी कविता लिहिली. युद्धात तिचं कौतुक झालं. 1951मध्ये 'प्रावदा'ने तीच कविता राष्ट्रवादी म्हणून झोडपली. अझरबैजानी अभ्यासक हैदर हुसेनोव यांनी आपल्या ग्रंथात इमाम शामिल या कॉकेशसच्या झारविरोधी लढवय्याचा गौरव केला होता. 1950मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालं, त्याच वर्षी ते काढून घेतलं गेलं, आणि त्यांनी आत्महत्या केली. रशियनांनी रशियावर प्रेम केलं की ती देशभक्ती, युक्रेनियनाने युक्रेनवर केलं की तो गुन्हा.

पण याचा अर्थ रशियनांचं राज्य आलं, असा काढता येत नाही, आणि हा मुद्दा फार वेळा निसटतो. प्रत्येक प्रजासत्ताकाला स्वतःचा साम्यवादी पक्ष होता, रशियाला नव्हता. विज्ञान अकादमी नव्हती, तीही संघाचीच. 1949-50च्या लेनिनग्राड खटल्यात पक्षाचे बडे नेते वोझ्नेसेन्स्की, कुझ्नेत्सोव आणि रशियन प्रजासत्ताकाचे सरकारप्रमुख रोदिओनोव यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्यावरच्या ठपक्यांत वेगळ्या रशियन पक्षाचा विचार हाही होता. ज्या शेतकऱ्याला सुसानिन म्हणून रंगमंचावर डोक्यावर घेतलं, त्याच्या नातवंडांना, सामूहिक शेतावरच्या माणसांना, देशांतर्गत पासपोर्टचा हक्क 1974मध्ये मिळाला. तोवर गाव सोडून जायचं तर परवानगीचा कागद लागे. सत्तेला रशियन अभिमान हवा होता, त्याला स्वतःचं घर द्यायची तिची तयारी नव्हती.

हा राग ब्रेझनेव्हच्या काळात साहित्यातून झिरपू लागला. व्हालेंतिन रासपुतिनच्या 'मात्योराचा निरोप' या 1976च्या कादंबरीत सैबेरियातलं एक बेट धरणाच्या पाण्याखाली जातं. त्याचं स्वतःचं गावही अंगारा नदीवरच्या धरणामुळे हलवलं गेलं होतं. महाराष्ट्रातल्या कोणत्याही धरणग्रस्ताला ते दुःख सांगावं लागणार नाही. सोल्झेनित्सिनने तर नेत्यांना पत्र लिहून सुचवलं की मार्क्सवाद सोडा आणि रशियाकडे बघा. 1974मध्ये त्याला देशाबाहेर काढलं. गंमत नव्हे, शोकांतिका अशी की या राष्ट्रभावनेविरुद्ध बोलणाराही बुडाला. पक्षाच्या प्रचारखात्यातले अलेक्झांडर याकोव्लेव्ह यांनी नोव्हेंबर 1972मध्ये रशियन राष्ट्रवादी लेखकांवर मार्क्सवादी भूमिकेतून टीका केली, आणि त्यांची रवानगी कॅनडातल्या सोव्हिएत वकिलातीत झाली.

1989च्या जूनमध्ये लोकप्रतिनिधींच्या अधिवेशनात याच रासपुतिनने बाल्टिक प्रतिनिधींना उद्देशून विचारलं की मग रशियानेच संघातून का बाहेर पडू नये? तो इशारा होता, मागणी नव्हे. वर्षभरात, 12 जून 1990 रोजी, रशियन संसदेने सार्वभौमत्व जाहीर केलं. रशियाला स्वतःचा साम्यवादी पक्ष मिळाला तोही त्याच महिन्यात. 1991च्या डिसेंबरात रशियाचा अध्यक्ष येल्त्सिनने युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांसह संघ मोडल्याचं जाहीर केलं. लेनिनने कागदावर ठेवलेल्या हक्कापर्यंत गोष्ट आली, आणि ज्याच्या भोवती संघ उभा होता तो रशियाच दाराबाहेर पडणाऱ्यांत होता. सुमारे अडीच कोटी रशियन एका रात्रीत परदेशवासी झाले.

त्यानंतरच्या रशियाने दोन्ही वारसे एकाच कपाटात ठेवले. 2000मध्ये स्टालिनच्या काळच्या राष्ट्रगीताची चाल परत आली. शब्द लिहिले तेव्हाच्याच गीतकाराने, सेर्गेई मिखाल्कोव्हने, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. 1944मध्ये त्याच्या गीतात स्टालिन होता, आता देव आला. 2005पासून 7 नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाची सुट्टी गेली आणि 4 नोव्हेंबरला मिनिन-पोझार्स्कींच्या 1612च्या विजयाची सुट्टी आली. 21 फेब्रुवारी 2022च्या भाषणात पुतिनने आधुनिक युक्रेन ही लेनिनची निर्मिती असल्याचं सांगत प्रजासत्ताकांना दिलेल्या हक्काबद्दल त्याला दोष दिला. तीन दिवसांनी फौजा सीमा ओलांडून गेल्या. एप्रिलमध्ये त्यांनी व्यापलेल्या हेनिचेस्क या गावात, युक्रेनियनांनी पूर्वी हटवलेला लेनिनचा पुतळा पुन्हा चौथऱ्यावर चढवण्यात आला. तिथे तो क्रांतीचा नेता म्हणून कुणाला नको होता. रशियाची सत्ता परत आली, एवढंच त्याने गावाला सांगायचं होतं.