लिस्बनचा भूकंप आणि दप्तरांचे मोल

पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे नगर आम्हांस अगदीच परके नव्हे. तेथून निघालेली गलबते शतकानुशतके गोमंतकाच्या किनाऱ्यास लागत होती. या वैभवशाली नगरास १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. तो दिवस सर्व संतांच्या सणाचा असल्याने चर्चे भाविकांनी भरलेली होती. इमारती कोसळल्या, थोड्याच वेळात समुद्राच्या लाटा नगरात शिरल्या आणि त्यानंतर लागलेला वणवा कित्येक दिवस शमला नाही. मृतांची संख्या कोणी दहा हजार, तर कोणी त्याच्या कितीतरी पट सांगतात.

या अरिष्टात टेगस नदीकाठचा राजवाडा नष्ट झाला. राजाचे अमूल्य ग्रंथालय आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या कचेरीचे बहुतेक दप्तरही त्याबरोबर गेले. म्हणजे गोमंतकाच्या इतिहासाचाही काही भाग त्या दिवशी लिस्बन येथे लयास गेला, हे आमच्या वाचकांनी ध्यानी घ्यावे.

पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ख्याती पावलेल्या कार्व्हाल्यो या मंत्र्याने नगराची सूत्रे हाती घेतली. रोगराई टाळण्यासाठी प्रेते समुद्रात सोडण्यात आली. धान्याचे भाव बांधून दिले. लुटारूंसाठी फाशीचे खांब उभारले. मोजणी पुरी होईपर्यंत नव्या बांधकामास मनाई झाली. पंचाहत्तरी उलटलेला मुख्य अभियंता मानुएल द माया याने पुनर्रचनेचे पर्याय मांडले. त्यांतून रुंद व सरळ रस्ते निघाले, आणि धक्का सोसण्यासाठी भिंतींच्या आत लाकडी सांगाडे बसवण्याची पद्धत रूढ झाली. सोनार, चांदीचे कारागीर, चांभार यांच्या नावांचे रस्ते तेथे आजही आहेत.

हाच माया सरकारी दफ्तरखान्याचाही प्रमुख होता. दफ्तरखान्याचा बुरूज ढासळला असता त्याने ढिगाऱ्यातून कागद काढवून लाकडी छपराखाली सुरक्षित ठेवविले. नगर निवाऱ्यावाचून असताना कागदांची चिंता वाहणारा हा वृद्ध आम्हांस विशेष आदरणीय वाटतो.

१७५६ साली गावोगावच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली गेली. धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी ओसरला की चढला, माणसे किती दगावली, असे तिचे स्वरूप होते. मालाग्रिडा हा जेझुइट पाद्री भूकंप हा ईश्वरी कोप असल्याचे प्रतिपादन करीत असता सरकार प्रत्यक्ष काय घडले ते विचारीत होते. ती उत्तरे भूकंपाच्या अभ्यासकांस अद्यापि उपयोगी पडतात. परंतु या राजवटीची कठोरताही विसरता कामा नये. त्याच मालाग्रिडास १७६१ साली देहान्त शिक्षा झाली.

राखलेल्या कागदांमुळे जे कळते आणि गेलेल्या कागदांमुळे जे कधीच कळणार नाही, ते दोन्ही लिस्बनने दाखविले आहे. आपल्या ज्ञातीतील अनेक घराण्यांच्या सनदा, वतनपत्रे व देवस्थानांच्या वह्या माळ्यावरील पेट्यांत पडून आहेत. त्यांना भूकंपाचीच वाट पाहावी लागते असे नाही; वाळवी व ओल पुरेशी आहे. ज्ञातिबांधवांनी अशा कागदांच्या प्रती करून एक घरी व एक मंडळाच्या दप्तरी ठेवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.