पावतीची दुसरी प्रत

वार्षिक वर्गणी मनीऑर्डरने पाठवायची, ही मराठी मासिकांच्या वाचकांची कित्येक पिढ्यांची रीत. हिंदुस्थानच्या टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डरचं काम सरकारी खजिन्यांकडून स्वतःकडे घेतलं आणि आडगावच्या माणसाला पुण्या-मुंबईच्या छापखान्याचा वर्गणीदार होणं सोपं झालं. पोस्टाच्या खिडकीवर फॉर्म आणि पैसे दिले की शिक्का मारलेली पावती लगेच हातात यायची. फॉर्मच्या एका टोकाला संदेशापुरती अरुंद जागा असे. तिथे बारीक अक्षरात वर्गणीदार क्रमांक आणि ‘पुढील वर्षाची वर्गणी’ एवढं लिहायचं. काही दिवसांनी पोस्टमन त्याच फॉर्मचा एक तुकडा परत आणून द्यायचा. त्यावर मासिकाच्या कचेरीतल्या माणसाची सही असे. ही पोच.

कागद दोन आणि त्यांची कामंही दोन. खिडकीवरची पावती पैसे दिल्याचा पुरावा, तर पोच ते पावल्याचा. पावत्या जपणाऱ्या घरांत हे दोन्ही कागद टाचणीने एकत्र लावून ठेवायचे, कारण अंक आला नाही तर भांडायला दोन्ही लागायचे. ऑनलाइन वर्गणीची पावती शोधताना आज माणूस अडतो तो नेमका इथेच. यूपीआयचा स्क्रीनशॉट असतो, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ओळ असते, तरी ऑफिसचा अकाउंटंट म्हणतो, ‘हे चालणार नाही, इनव्हॉइस आणा.’ त्याचं बरोबर आहे. आपल्या हातात फक्त खिडकीवरची पावती असते. पोच अजून यायची असते.

हा भेद फार जुना आहे. इराकमध्ये निप्पूरजवळ द्रेहेम म्हणून ठिकाण आहे, जुनं नाव पुझ्रिश-दागान. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळात, राज्याची गुरं आणि शेळ्यामेंढ्या तिथे जमा होत आणि तिथून देवळांकडे, राजवाड्याकडे रवाना होत. या व्यवहारांच्या मातीच्या हजारो पाट्या सापडल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी तळहातात मावतील एवढ्याच. मजकूर ठरलेला: इतक्या मेंढ्या, इतकी कोकरं, महिन्याचा कितवा दिवस, कोणाकडून आल्या, कोणी ताब्यात घेतल्या. अब्बासागा नावाच्या अधिकाऱ्याने ताब्यात घेतल्याच्या नोंदी तर पुन्हा पुन्हा येतात. शेवटी महिना आणि वर्ष, आणि वर्षाला आकडा नाही, त्या सुमाराला घडलेल्या मोठ्या घटनेचं नाव. त्या काळच्या पोचपावत्यांची रीत बघण्यासारखी आहे. माल घेणारा ओल्या मातीवर आपली मुद्रा फिरवी आणि ती पाटी माल देणाऱ्याकडे राही. घेणाऱ्याची खूण देणाऱ्याच्या ताब्यात, हा पावतीचा गाभा. तो तिथे पूर्ण तयार झालेला दिसतो.

इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याने हेच काम लाकडावर केलं. बाराव्या शतकातल्या रिचर्ड फिट्झनीलने आपल्या ग्रंथात खाचांची मापं देऊन ठेवली आहेत. हजार पौंडांसाठी तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभरांसाठी अंगठ्याएवढी, विसांसाठी करंगळीएवढी, एका पौंडासाठी भरलेल्या जवाच्या दाण्याएवढी. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. दोन्ही फाकांवर तीच खाच येई आणि लाकडाच्या रेषा एकमेकींशीच जुळत, दुसऱ्या कोणत्याही फाकेशी नाही. लांब फाक पैसे भरणाऱ्याला मिळे, आखूड खजिन्यात राही. मला ही युक्ती सगळ्यात अस्सल वाटते. एका बाजूने एक खाच वाढवून उपयोग नाही, कारण दुसरी फाक दुसऱ्याच्या घरात आहे. अक्षर न येणाऱ्यालाही बोटाने पडताळा घेता येई. या काठ्या १८२६ पर्यंत चालल्या. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी उरलेल्या काठ्यांचे ढीग लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतले, धुराडी अति तापली आणि त्या रात्री वेस्टमिन्स्टरची पार्लमेंटची इमारत जळून गेली.

आपल्याकडे खरेदीखतात ‘रोख भरून पावलो, तक्रार नाही’ अशी ओळ आजही येते. ती लिहितो पैसे घेणारा, आणि खत राहतं देणाऱ्याकडे. पुढे १८९९ च्या मुद्रांक कायद्याने पावती मागणं हा पैसे देणाऱ्याचा हक्क केला. कलम ३० प्रमाणे मागणी झाल्यावर तिकीट लावलेली पावती द्यावी लागते, आणि कलम ६५ प्रमाणे ती नाकारली तर दंड होतो. पाच हजारांवरच्या रकमेला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं आणि सही त्याच्यावरून आडवी करायची, म्हणजे ते सोडवून दुसरीकडे चिकटवता येत नाही. तलाठ्याकडचा गाव नमुना ९ म्हणजे दैनिक पावती पुस्तक. शेतसारा भरला की मूळ पावती खातेदाराला, स्थळप्रत पुस्तकात. कार्बन कागदाचं पेटंट राल्फ वेजवुडने १८०६ मध्ये घेतलं होतं. त्या निळ्या-काळ्या कागदाने चिरलेल्या काठीचंच काम केलं, एकदा लिहिलं की दोन घरांत तेच. गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावती फाडणाऱ्या पोरांच्या हातातलं पुस्तकही याच घराण्यातलं.

अमेरिकेत एक वेगळी शाखा फुटली. ओहायोतल्या डेटन गावी जेम्स रिटीचा बार होता आणि गल्ल्यातले पैसे नोकर लांबवत. बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहून त्याला गल्ला मोजणारं यंत्र सुचलं, १८७९ मध्ये त्याचं पेटंट झालं. पुढे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीच्या जॉन पॅटरसनने त्याला कागदाचं रीळ जोडलं. इथे पावती गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी जन्मली नव्हती, मालकाला नोकरावर नजर ठेवायची होती. गिऱ्हाइकाने पावती मागितली की विक्री यंत्रात नोंदवावीच लागे.

११ ऑगस्ट १९९४ रोजी नेटमार्केट या छोट्या कंपनीने स्टिंग या गायकाची सीडी इंटरनेटवरून विकली, १२ डॉलर ४८ सेंट अधिक टपालखर्च, कार्डाचा नंबर सांकेतिक करून. पुढे अशा खरेदीची पावती ईमेलने येऊ लागली. ईमेल आपल्या पेटीत राहते, म्हणजे दुसरी प्रत आपल्याकडेच होती. महिन्याच्या वर्गण्या आल्या आणि चाल बदलली. आता पुष्कळ सेवा फक्त ‘पैसे मिळाले, आभारी आहोत’ एवढंच कळवतात, इनव्हॉइस त्यांच्या संकेतस्थळावर लॉग-इनच्या आत ठेवतात. काठीच्या दोन्ही फाका खजिन्यातच राहिल्या. खातं बंद केलं, ईमेल पत्ता बदलला, पासवर्ड गेला, की आपली फाकही गेली. आपण पैसे दिलेत, पुरावा आपला आहे, आणि तो दुसऱ्याच्या कुलपात असावा हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून शोधताना पहिला प्रश्न विचारावा, पैसे नेमके कोणी घेतले? सेवा एकाची असली तरी घेणारा निराळा असू शकतो. आयफोनवरच्या ॲपमधून वर्गणी भरली असेल तर पावती ॲपलची, आणि ती सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली मीडिया अँड पर्चेसेसच्या पर्चेस हिस्ट्रीत सापडते. गूगल प्लेमधून भरली असेल तर प्लेमधल्या पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये. तिथला ऑर्डर नंबर जीपीए या अक्षरांनी सुरू होतो, मेलपेटीत तीच अक्षरं टाकून शोधलं की वर्षांपूर्वीची मेलही वर येते. मोबाइलच्या रिचार्ज पॅकबरोबर सेवा आली असेल तर सेवावाल्याकडे पावती नसतेच, ती मोबाइल कंपनीच्या बिलात असते. थेट संकेतस्थळावर कार्डाने भरली असेल तरच त्या सेवेच्या खात्यात, बिलिंगखाली पाहायचं.

घेणारा आठवत नसेल तर बँकेचा एसएमएस कामाला येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते, आणि तिच्यात व्यापाऱ्याचं नाव, रक्कम आणि तारीख असते. स्टेटमेंटमधली ओळ तुटक असते, या सूचनेत नाव पुरतं मिळतं. मनीऑर्डरच्या कारभारात अशी आगाऊ वर्दी नव्हती. पावतीच्या कुळातली ही खरी नवी भर आहे, आणि ती ग्राहकाच्या बाजूची आहे.

इनव्हॉइस हाती आलं की त्यावर दोन गोष्टी बघाव्यात: सोळा अक्षरांच्या आत बसणारा इनव्हॉइस क्रमांक आणि विकणाऱ्याचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक. ऑफिसकडून पैसे परत घ्यायचे तर ऑफिसचा जीएसटी क्रमांक वर्गणी भरण्याआधीच खात्यात घातलेला बरा, मागाहून बदलून घेताना बहुतेकदा अडवणूक होते. मग पीडीएफ उतरवायची, फाइलच्या नावात सेवा, महिना आणि रक्कम घालायची आणि त्याच फोल्डरमध्ये त्या व्यवहाराची स्टेटमेंटमधली ओळ ठेवायची. पावती आणि पोच पुन्हा एका टाचणीत.

खातं बंद झालंय आणि आत जाता येत नाही, तरीही आशा सोडू नये. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणी असलेल्या विक्रेत्याला हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीनंतर ७२ महिने जपावी लागतात. तोवर स्थळप्रत त्याच्याकडे असतेच. तारीख, रक्कम, बँकेचा व्यवहार क्रमांक आणि वर्गणी ज्या ईमेल पत्त्यावर होती तो पत्ता, एवढं लिहून त्यांच्या ग्राहक विभागाकडे प्रत मागावी.