पाकिटामागचा पोषणतक्ता: छापलेला असतो, वाचला का जात नाही?

बिस्किटांचा पुडा हातात घेतला की बहुतेक ग्राहक आधी किंमत पाहतात, मग मुदतीची तारीख. शाकाहारी घरांत हिरवा ठिपकाही तपासला जातो. पोषणमूल्यांच्या तक्त्याकडे मात्र क्वचितच कुणी वळते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी दिल्ली आणि हैदराबादेत केलेल्या पाहणीतही साधारण हेच चित्र दिसले होते.

याचा अर्थ लोकांना आरोग्याची पर्वा नाही असा नव्हे. 'मल्टिग्रेन', 'शुगर फ्री', 'नो मैदा' असे शब्द पाहून अनेक जण चार पैसे जास्त मोजतात. पण हे शब्द पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असतात आणि खरी माहिती मागे, बारीक अक्षरांत.

ती बाजू वाचायला सुरुवात घटकांच्या यादीपासून करावी. नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. 'गव्हाचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटात मैदा पहिला आणि गव्हाचे पीठ तिसरे असेल, तर ते बिस्किट मुख्यतः मैद्याचेच आहे. साखरही एकाच नावाने येत नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही तिचीच भावंडे. 'नो ॲडेड शुगर' म्हणजे वरून साखर घातलेली नाही, एवढेच. फळांच्या रसातली मूळची साखर त्यात असतेच.

तक्त्यातले आकडे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे दिलेले असतात. सोबत 'एका सर्व्हिंग'मधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, हेही द्यावे लागते. त्यासाठी २,००० किलोकॅलरीचा रोजचा आहार धरला जातो: ६७ ग्रॅम एकूण चरबी, २२ ग्रॅम संपृक्त चरबी, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ.

खरी मेख 'सर्व्हिंग' या शब्दात आहे. समजा, १०० ग्रॅम बिस्किटांत २५ ग्रॅम साखर घातलेली आहे आणि कंपनीने दोन बिस्किटे, म्हणजे १२ ग्रॅम, हे एक सर्व्हिंग धरले. मग साखर ३ ग्रॅम आणि टक्केवारी अवघी ६. चहासोबत दोनच बिस्किटांवर थांबणारी माणसे किती, हा प्रश्न वेगळा. सहा खाल्ली तर हाच आकडा १८ टक्के होतो. त्यामुळे दोन पाकिटांची तुलना करताना १०० ग्रॅमचाच रकाना पाहणे सोयीचे. मीठ काढायचे असेल तर सोडियमला अडीचने गुणावे.

एवढा हिशेब दुकानात उभ्याने कोण करणार? म्हणूनच अनेक देशांनी माहिती पुढच्या बाजूला आणली. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या पदार्थांवर काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा केला. भारतात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये अर्ध्या ते पाच ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आणला. त्यावर बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती: तारे गुण आणि दोष एकत्र मोजतात, त्यामुळे गोड पदार्थही तंतुमय घटकांच्या जोरावर दोन-अडीच तारे मिळवू शकतो. तारा दिसला की माणसाला शाबासकीच वाटते, इशारा नव्हे. जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाने साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव मंजूर केला.

भाषेचा अडथळा तर आणखी जुना. लेबलवरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे बंधनकारक आहे. मराठीसह इतर भाषा ऐच्छिक. त्यामुळे गावातल्या दुकानातून पाकीट नेणाऱ्या आजीला 'सॅच्युरेटेड फॅट' हे शब्द दिसले, तरी त्यांचा उपयोग नसतो. शिवाय १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत पृष्ठभाग असलेल्या छोट्या पाकिटांना पोषणतक्ता आणि घटकांची यादी छापण्यापासून सूट आहे. लहान मुले स्वतःच्या हाताने विकत घेतात ती गोळ्या-चॉकलेटे बहुधा एवढीच असतात.

दुकानात वजनावर मिळणारे सुटे फरसाण, शेव, चिवडा यांना तर असा तक्ताच नसतो. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवर उष्मांक लिहावे लागतात. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीला तो नियम लागू नाही.