काशीतले दक्षिणी पंडित

काशीचे हिंदू विश्वविद्यालय 1916 सालचे असले तरी काशी हे विद्यापीठाचे गाव त्याच्या कितीतरी शतके आधीपासून होते. तिथे एक इमारत, एक कुलगुरू, एक परीक्षा असे काही नव्हते. गुरूचे घर हीच पाठशाळा आणि वादसभा हीच परीक्षा. या गावच्या विद्वानांत महाराष्ट्रातून आलेल्यांचा वाटा फार मोठा आहे. काशीत त्यांना ‘दक्षिणी’ म्हणत. ते ग्रंथ संस्कृतात लिहीत आणि घरात मराठी बोलत.

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीला जाऊन राहिले. त्यांचा मुलगा नारायणभट्ट 1513 साली जन्मला. ‘प्रयोगरत्न’ आणि ‘त्रिस्थलीसेतु’ हे त्याचे ग्रंथ. पहिला संस्कारांचा, दुसरा प्रयाग, काशी आणि गया या तीन तीर्थांच्या विधींचा. विश्वेश्वराच्या देवळाची त्या शतकात जी पुनर्बांधणी झाली तिचे श्रेय परंपरा याच नारायणभट्टाला देते. पुढे शंभर-दीडशे वर्षे या भट्ट घराण्याचा शब्द धर्मशास्त्रात शेवटचा मानला गेला. नारायणभट्टाचा मुलगा शंकरभट्ट याने ‘गाधिवंशवर्णन’ या नावाने घराण्याची कुळकथा लिहून ठेवली. आपल्याकडच्या पंडितांना स्वतःबद्दल लिहिण्याची सवय नव्हती, त्यामुळे असा ग्रंथ दुर्मीळच.

त्याच काळात पैठणचेच एकनाथ काशीत होते. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची मराठी टीका पैठणला सुरू झाली आणि शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, काशीत पूर्ण झाली. संस्कृत सोडून प्राकृतात भागवत आणले म्हणून पंडितांनी आधी आक्षेप घेतला आणि वाचून झाल्यावर ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी कथा आहे. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: मराठीतला एक मोठा ग्रंथ गंगेकाठी पुरा झाला.

भट्टांच्या ग्रंथांपैकी दोन महाराष्ट्राच्या रोजच्या व्यवहारात उतरले. नारायणभट्टाचा नातू कमलाकरभट्ट याने 1612 साली ‘निर्णयसिंधु’ लिहिला. एकादशी कोणत्या दिवशी धरायची, श्राद्धाची तिथी दोन दिवसांत विभागली तर काय करायचे, असल्या प्रश्नांचा तो निकाल. 1790 साली पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ रचला तोही याच वळणावर.

दुसरा ग्रंथ नीळकंठभट्टाचा. नीळकंठ हा शंकरभट्टाचा मुलगा, कमलाकराचा चुलतभाऊ. यमुना आणि चंबळ यांच्या संगमाजवळच्या भरेह येथील सेंगर राजा भगवंतदेव हा त्याचा आश्रयदाता. राजाच्या नावावरून ग्रंथाला ‘भगवंतभास्कर’ म्हटले. भास्कर म्हणजे सूर्य, म्हणून त्याचे बारा भाग म्हणजे बारा मयूख, किरणे. त्यांतला ‘व्यवहारमयूख’ वारसा, वाटणी, कर्ज असल्या दाव्यांचा. इंग्रजी अमलात न्यायाधीशांना हिंदू कायद्यासाठी आधारग्रंथ हवे होते. बोरोडेल याने या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर 1827 साली छापले, पुढे 1880 मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिकांनी दुसरे केले. बाकी महाराष्ट्रात ‘मिताक्षरा’ ही जुनी टीका प्रमाण, पण गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे दोहोंत विरोध आला तर मयूख वरचढ, असे न्यायालयांनी ठरवले. अशा रीतीने साष्टी आणि तुर्भे बेटावर, चेंबूर-माहुलच्या खाडीकाठापर्यंत, काशीत लिहिलेला ग्रंथ वारसाचा कायदा झाला. अर्थात आगरी-कोळी वस्तीत एखादी रूढी पुराव्याने सिद्ध झाली तर ती शास्त्राच्याही वर, हे तत्त्व न्यायालये पाळत होती.

मयूखाने फरक काय पडला, हे बहिणीच्या उदाहरणात नेमके दिसते. निपुत्रिक माणूस मेला आणि जवळचे वारस नसले तर त्याची मिळकत ‘गोत्रज’ मंडळींकडे जाते. बहीण लग्नानंतर नवऱ्याच्या गोत्रात गेली, मग ती गोत्रज कशी? नीळकंठ शब्दावरच बोट ठेवतो. गोत्रज म्हणजे गोत्रात जन्मलेली. लग्नाने ती सगोत्र राहिली नसेल, पण जन्मली तर भावाच्याच गोत्रात ना! म्हणून आजीच्या पाठोपाठ बहिणीचा क्रम. मुंबई इलाख्याबाहेर बहिणीला असे स्थान 1929 च्या कायद्याने मिळाले. सतराव्या शतकातल्या पंडिताने एका समासाच्या फोडीवर ते आधीच देऊन टाकले होते. व्याकरणाचा इतका रोकडा उपयोग क्वचितच झाला असेल.

या घराण्याचे महाराष्ट्रात सर्वांत परिचित नाव अर्थात गागाभट्टाचे. खरे नाव विश्वेश्वर, कमलाकराच्या भावाचा, दिनकरभट्टाचा मुलगा. 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक त्याच्या हातून झाला. शाळेच्या पुस्तकात तो या एका दिवसापुरता येतो आणि निघून जातो. प्रत्यक्षात तो मीमांसेचा जाणकार होता, आणि काशीचा निर्णय मानण्याची महाराष्ट्राची सवय तेव्हा तीन पिढ्यांची झालेली होती.

भट्टांच्या पलीकडेही दक्षिणी पंडित होतेच. गोदाकाठच्या कोपरगावचे नीळकंठ चतुर्धर, म्हणजे चौधरी, यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. काळे आडनावाचे नागेशभट्ट व्याकरणात शेवटचे मोठे नाव. त्यांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’चे भाषांतर डेक्कन कॉलेजातल्या कीलहॉर्न यांनी केले आणि ती विद्या पुण्याकडे वळली.

1791 साली जोनाथन डंकन याने काशीत संस्कृत पाठशाळा काढली. हेच पुढचे संस्कृत कॉलेज आणि आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय. तिथे गणित-ज्योतिष शिकवणारे बापूदेवशास्त्री परांजपे यांचे ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर 1861 साली कलकत्त्याला निघाले. बाळशास्त्री रानडे यांना लोक ‘बालसरस्वती’ म्हणत. 1869 साली स्वामी दयानंदांशी काशीत जो वाद झाला त्यात पंडितांच्या बाजूने ते होते.

मोठ्या नावांच्या मागे विद्यार्थ्यांची रांग होती, आणि ती अन्नछत्राच्या दारात दिसते. विनायक नरहरी भावे, पुढे विनोबा, 1916 साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले, सुरतेला उतरले आणि काशीला गेले. दुपारी अन्नछत्रात जेवण आणि वर दोन पैसे दक्षिणा. त्या दोन पैशांचे दही आणि रताळी, हे संध्याकाळचे खाणे. त्यांच्या आधी गोव्याचे धर्मानंद कोसंबी याच शहरात अन्नछत्रावर राहून संस्कृत शिकले आणि 1902 साली नेपाळकडे गेले. ही हकीगत त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आहे. दोघेही काशीत फार टिकले नाहीत.

टिकले ते हिंदीत मिसळून. काशीत जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर (1883–1955) यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर बंगालीतले लेखक, ‘देशेर कथा’चे कर्ते. भाच्याने हिंदी धरली. 1920 साली काशीत निघालेल्या ‘आज’ दैनिकाचे संपादन पराडकरांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. मिस्टरऐवजी ‘श्री’, तसेच ‘राष्ट्रपति’ आणि ‘मुद्रास्फीति’ हे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. शेवटच्या शब्दासाठी मराठीने ‘चलनवाढ’ पत्करला आणि तो जास्त सोपा आहे.

पराडकरांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, जून 1956 मध्ये, हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि त्याने हिंदूंच्या वारशाचा क्रम देशभर एकच केला. तोपर्यंत पां. वा. काणे यांनी संपादून 1926 साली छापलेली ‘व्यवहारमयूखा’ची प्रत मुंबईच्या वकिलांच्या कपाटात कामाची वस्तू होती.