जायफळाची कॉफी

चहा आपला आणि कॉफी दक्षिणेतल्या लोकांची, असं आपण मराठी माणसं अगदी सहज म्हणून टाकतो. खरं तर चहा घरोघरी पोचला तो विसाव्या शतकात, चहा कंपन्यांनी गावोगावी फुकट कप वाटून जाहिरात केली तेव्हा. म्हणजे तोही तसा पाहुणाच. आणि कॉफी? तिची वाट तर आपल्या दारावरूनच जात होती, निदान आम्हा अलिबाग-मुरूडकडच्या लोकांच्या तरी.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरातला नेहमीचा वाद. घरातल्या नव्या पिढीला जायफळ घातलेली, दुधाची, गोड कॉफी ही कॉफीच वाटत नाही. 'कॉफीच्या वासाचं दूध' हे तिचं नाव. बंगळुरूला राहून आलेल्यांना पितळी फिल्टर हवा, परदेशी जाऊन आलेल्यांना काळी कडू कॉफी. आमची कॉफी म्हणजे माहिती नसलेल्यांनी केलेला बिघाड, असा एकूण सूर. मला हे पटत नाही. ती तशी का झाली हे नीट पाहिलं तर तो बिघाड वाटत नाही, या किनाऱ्याचा हिशेब वाटतो.

सुरुवात लांबून करू. कॉफीचं झाड मूळ इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडल्या जंगलातलं, म्हणजे जुन्या भाषेत हबसाणातलं. तिचं पेय करून पिण्याचा पक्का पुरावा मिळतो तो पंधराव्या शतकात, समुद्रापलीकडच्या येमेनमध्ये. तिथले सूफी रात्रीच्या प्रार्थनेत झोप येऊ नये म्हणून ती पीत. आता गंमत बघा. मुरूडसमोरच्या जंजिऱ्यावर ज्यांनी राज्य केलं ते सिद्दीसुद्धा मूळचे हबसाणातलेच. सिद्द्यांनी कॉफी आणली असं मी म्हणत नाहीये हं! पण एकाच भागातून निघालेली माणसं आणि बी, दोन्ही एकाच समुद्राने इकडे आली, एवढं खरं.

हा समुद्र काही कोरा नव्हता. इ. स. ९१५ च्या सुमारास अरब प्रवासी मसूदी चौलला आला (तो चौलला 'सैमूर' म्हणतो), तेव्हा त्याला इथे सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे व्यापारी वसलेले दिसले. पुढे सतराव्या शतकात येमेनचं मोखा बंदर कॉफीसाठी जगात गाजलं, तेव्हा सुरतेहून मक्केच्या यात्रेकरूंची जहाजं मोखा आणि जेद्द्याला जात. १६७० च्या सुमारास सिद्दी मोगलांच्या आरमाराचे प्रमुख झाले आणि या जहाजांची राखण हा त्यांच्या कामाचा भाग झाला. त्याच्याही आधी, १६१६ ते १६१९ या काळात, सर टॉमस रो या इंग्रज वकिलाबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री हिंदुस्थानात होता. धर्माने दारू वर्ज्य असलेले इथले पुष्कळ लोक काळ्या बियांचं उकळलेलं पेय पितात आणि त्याला कॉफी म्हणतात, असं त्याने नोंदवून ठेवलंय. बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, ही कथा याच शतकातली मानतात. म्हणजे मळे व्हायच्या आधीच पेय आपल्या पश्चिम किनाऱ्याला ठाऊक होतं.

आणि त्या मूळच्या कॉफीत मसाला नव्हता असं कुणी समजू नये. येमेनमध्ये कॉफीच्या टरफलांचा आलं घालून काढा करतात, त्याला किशर म्हणतात. अरबस्तानात कहव्यात वेलची असतेच असते. आमच्याकडच्या म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड भागातल्या कितीतरी कोकणी मुस्लिम घरांतली माणसं आखातात नोकरीला असतात, त्यांना हे सांगायला नको. नुसती काळी कॉफी म्हणजेच शुद्ध, ही समजूत युरोपातून आलेली आहे.

आता जायफळ. हे झाड मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. फळ मात्र आपल्याकडे व्यापाराने फार पूर्वीपासून येत होतं. आयुर्वेदात ते जातीफल म्हणून आहेच. या इवल्याशा बियेसाठी डच लोकांनी १६२१ मध्ये बांदा बेटांवरची माणसं जवळजवळ नाहीशी केली. १७९६ नंतर ती बेटं काही वर्षं इंग्रजांच्या हाती आली, त्यांनी रोपं पेनांगसारख्या ठिकाणी नेऊन लावली आणि डचांची मक्तेदारी संपली. मग जायफळ केरळात आणि कोकणातही रुजलं. आमच्या वाड्यांना ते मानवलं, कारण त्याला हवी तशी दमट हवा आणि नारळी-पोफळीची सावली इथे आयतीच होती.

ज्यांनी झाड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पिकलं की पिवळसर फळ आपणहून उकलतं. आत तपकिरी कवच आणि त्यावर लालभडक जाळी, ती जायपत्री. कवच फोडलं की जायफळ. झाडांत नर-मादी वेगळी. बीपासून लावलं तर सहा-आठ वर्षं वाट बघायची, आणि तेव्हा कळणार की झाड नर आहे, फळ धरणारच नाही! (आता कलमं मिळतात म्हणून हा जुगार टळतो.) तर असं जायफळ ज्या घराच्या परसात, त्या घरात ते बाळाच्या गुटीत सहाणेवर उगाळलं जाणार, श्रीखंडात पडणार आणि कॉफीतही पडणार. यात नवल ते काय?

उरली कॉफीची पूड. ती मुंबईहून आली, आणि तिचं नाव होतं पोल्सन. पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थांनी १८८८ मध्ये मुंबईत कॉफीचं छोटं दुकान काढलं. त्यांचं टोपणनाव पॉली, त्यावरून साहेबी वाटेल असं पोल्सन. त्यांची 'फ्रेंच कॉफी' म्हणजे कॉफीत चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची पूड. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्रजी व्यापारावर बंदी घातली, कॉफी मिळेना, म्हणून फ्रेंचांनी चिकोरीला हात घातला आणि मग तिची चवच लागली. पुढे पोल्सन लोण्यासाठी इतकं गाजलं की मुंबईत खुशामत करण्याला 'पोल्सन लावणं' म्हणू लागले. त्यांच्या दूधखरेदीला कंटाळून खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये स्वतःचा संघ काढला, तेच आजचं अमूल. पण जुन्या मराठी घरांत पोल्सन म्हणजे आधी कॉफी.

१९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस उघडलं आणि चाकरमान्यांना बाहेरची कॉफी कळली. घरची कॉफी मात्र भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरणाऱ्या सामानातून आली. आगोटीची खरेदी व्हायची (पावसाळ्याआधीची बेगमी हो, मीठ-मिरची, डाळी, सुकी मासळी), त्यात कॉफीचा एखादा डबा असे. चहा रोजचा, कॉफी ठेवणीतली. व्याही आले तर कॉफी. एकादशीला कॉफी. आजारातून उठलेल्याला कॉफी, बाळंतिणीला भेटायला आलेल्यांना कॉफी. आमच्या आजीच्या घरात ती आधी पाहुण्यांना, मग पुरुषांना, आणि पातेल्यात उरली तर बायकांना. बहुतेक वेळा उरत नसे. पूड पुरवून वापरायची म्हणून दूध जास्त, दुधाची म्हणून साखर, आणि चिकोरीचा किंचित जळका वास झाकायला जायफळ. पावसाळ्यात दमट हवेने डब्यातली पूड दगडासारखी घट्ट होई, मग ती सुरीने खरवडून घ्यायची.

१९६०च्या दशकात नेसकॅफे आणि ब्रू आली. गाळणं गेलं, चमचाभर पूड कपात टाकली की झालं. सोय झालीच, आणि बायकांच्या वाट्याला गरम कप येऊ लागला हे त्याहून मोठं. त्याबद्दल मी इन्स्टंट कॉफीला कधीच नावं ठेवणार नाही. पण चव मात्र पुडीची.

तर आमच्याकडची रीत, दोन कपांसाठी. एक कप पाणी खळखळ उकळायचं आणि गॅस बंद करायचा. उकळी बसली की चिकोरी मिसळलेली कॉफीची पूड तीन चहाचे चमचे टाकायची, एकदा ढवळायचं, झाकण ठेवून चार मिनिटं विसरून जायचं. पूड घालून उकळत ठेवली की तिच्यातला कडवटपणा जास्त उतरतो, हीच बहुतेकांच्या कॉफीची रड असते. मग पातळ फडक्यातून गाळायचं. दुसऱ्या पातेल्यात एक कप दूध साखर घालून तापवायचं, त्यात कॉफी ओतायची. पुन्हा उकळायचं नाही. जायफळ अगदी शेवटी, बारीक किसणीवर दोन-तीनदा फिरवलं की पुरे, थेट कपावर. त्याचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो, आधी घातलं तर वास स्वयंपाकघराला आणि तुम्हाला नुसता चोथा. आणि जास्त घालू नका, चमचाभर जायफळाने माणसाला गरगरतं.

जायफळ मात्र आता विकतचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांतली नारळ-सुपारीची झाडं काही तासांत आडवी झाली. त्यांच्या सावलीतली जायफळं काही मोडली, काही नंतर उन्हाने करपली. पोफळ पुन्हा लावून उत्पन्न यायला बरीच वर्षं जातात, आणि जायफळाला आधी ती सावली हवी. बऱ्याच जणांनी पुन्हा लावलंय, काहींनी जमिनी विकल्या. विकलेल्या जागी बंगले होतात, जायफळ लावायला तिथे कुणी राहत नाही.

म्हणून घरातल्या वादाबद्दल माझं म्हणणं एवढंच. फिल्टरची प्या, काळी प्या, मलाही आवडते. पण ही आपली कॉफी कुणाला येत नव्हतं म्हणून अशी झालेली नाही. मोखाची वाट, बांदाचं झाड, पारशाचं दुकान, रेवसची लाँच आणि पूड पुरवून वापरणाऱ्या बायका, इतक्यांनी मिळून ती अशी झाली आहे. नातेवाईकांपैकी ज्यांना आपापल्या घरचं प्रमाण आठवतंय, आत्या आणि मावश्यांनी विशेषतः, त्यांनी ते लिहून ठेवा. आमच्या आजीचं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, वरचे तीन चमचे मी अंदाजाने बसवलेत. आणि ज्यांच्याकडे अजून वाडी आहे, त्यांनी यंदा एक जायफळाचं कलम लावा.